निळा धूर आणि पुठ्ठ्यावरचे डाग

मित्रांनो, चार लाख किलोमीटर धावून झाल्यावर मी स्वतःला नवी म्हणवून घेतलं तर तुम्हीच हसाल. मी एक जुनी, गडद हिरव्या रंगाची, मागे लांबलचक डिकी असलेली टर्बोवाली गाडी आहे. माझ्या पुढच्या दाराला गंज चढला आहे आणि मागची काच पुसणारा दांडा दोन वर्षांपासून जागचा हलत नाही. एवढी ओळख पुरे. आता जे सांगणार आहे ते माझ्याबद्दल थोडं आणि दोन म्हाताऱ्या माणसांबद्दल जास्त आहे. मला लांबण लावायची सवय आहे, तेवढी सहन करा.

आधी टर्बो म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. इंजिनातून निघालेला गरम धूर बाकीच्या गाड्या नुसता वाऱ्यावर सोडून देतात. माझ्यात तो धूर जाता जाता एका लहानशा चाकावर आदळतो. ते चाक फिरलं की त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चाक फिरतं आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून जोर जास्त. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि एवढा वेळ तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल वरून येतं, दांड्याला गार ठेवतं आणि खालच्या नळीतून इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये परत जातं. ही येण्याजाण्याची वाट मोकळी आहे तोवर टर्बोला काही होत नाही.

मी कारखान्यातून निघाले आणि वर्षभरात उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर सोल्विक नावाच्या गावात आले. मला घेतलं यॉर्डिसनं. ती फिरती परिचारिका होती. किनाऱ्यावरच्या सुट्या सुट्या घरांत जायचं, कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची नुसती विचारपूस करायची, हे तिचं काम. बाहेर उणे पंचवीस असलं तरी ती सकाळी सातला माझ्यापाशी हजर. भिंतीतल्या वायरीला जोडलेल्या विजेच्या हीटरनं रात्रभर माझं इंजिन ऊबदार ठेवलेलं असायचं, त्यामुळे मलाही कुरकुर करायला जागा नव्हती. गावातले लोक म्हणायचे, हिरवी गाडी दारात आली की आजारी माणूस उठून बसतो. असं कौतुक ऐकलं की गाडीलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तिचा नवरा सिक्स्टन जमिनीची मोजणी करायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं कुठे निघाली की गाडी ती चालवायची आणि तो शेजारी नकाशा उघडून बसायचा. त्याला गाडी चालवता येत नव्हती असं नाही. पण ती म्हणायची, "तू चालवायला लागलास की पाट्या वाचत बसतोस. रस्त्याकडे मी बघते." तो गुपचूप नकाशा उघडायचा. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. नियमाची पाटी दिसली की सिक्स्टन ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि मग नियम आहे त्याहून जरा जास्तच पाळतो.

अशी पंधरा वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात यॉर्डिस किल्ली हातात घेऊन माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. किल्ली कुठे घालायची तेच तिला आठवत नव्हतं. पुढल्या महिन्यात एका चौकात तिनं मला थांबवलं आणि कुठल्या बाजूला वळायचं ते सुचेना म्हणून तासभर तशीच बसून राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं स्वतःच किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. दोन वर्षांत तिला घरी सांभाळणं सिक्स्टनला झेपेनासं झालं आणि तिला अडतीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. त्या दिवशी परत येताना सिक्स्टननं शेजारच्या सीटकडे एकदाही पाहिलं नाही.

तेव्हापासून मला सिक्स्टन चालवायला लागला, आणि रोज. कारण तिकडे एक अडचण होती. यॉर्डिस कुणाच्या हातून जेवेना. ताट समोर ठेवलं की तोंड फिरवायची. सिक्स्टन शेजारी बसला, बटाटा बारीक कुस्करून चमचा पुढे केला, तरच तोंड उघडायची. तो कोण ते बहुतेक दिवशी तिला माहीत नसायचं. "तू इथला का?" असं विचारायची आणि जेवायची. तिथे जेवण साडेअकराला वाढतात. बस म्हणाल तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक, शनिवार-रविवारी तीही नाही. म्हणजे मी चालले तर यॉर्डिस जेवणार, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब होता.

शुश्रूषागृह एका टेकडीच्या माथ्यावर आहे. तिथवर चार किलोमीटरची खडी चढण. साडेअकरा चुकायला नकोत म्हणून सिक्स्टन मला ॲक्सिलरेटर दाबून वर न्यायचा. माथ्यावर पोचेपर्यंत माझा टर्बो लाल झालेला असायचा. तिथे गाड्या लावायच्या जागेवर पाटी आहे: उभ्या गाडीचं इंजिन एका मिनिटाहून जास्त चालू ठेवू नये. सिक्स्टनचा स्वभाव तर सांगितलाच. तो मला उभी करायचा आणि गिअर काढायच्या आधीच किल्ली फिरवायचा. एक सेकंदही उशीर नाही.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटात काय व्हायचं ते मला सांगता येत नव्हतं. इंजिन बंद झालं की ऑइल यायचं थांबतं. दांड्यापाशी उरलेलं ऑइल त्या भयंकर उष्णतेत जागच्या जागी जळतं आणि काळी खरपुडी होऊन नळीला आतून चिकटतं. एका दिवसाचं काही नाही. पण तो रोज यायचा.

वर्षभरानं माझ्या मागून निळसर धूर निघायला लागला. थांबून पुन्हा निघाले की एक मोठा ढग. शुश्रूषागृहात सज्जात बसलेले म्हातारे नाकाला रुमाल लावायचे. घरी माझ्याखाली ऑइलचे थेंब पडायला लागले. सिक्स्टनला त्याची फार लाज वाटायची, कारण आमच्या गल्लीतला रस्ता सगळ्यांचा आहे. त्यानं रोज माझ्याखाली पुठ्ठा अंथरायला सुरुवात केली. सकाळी तो पुठ्ठा उचलायचा, कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घालायचा आणि शेडमध्ये रचून ठेवायचा. जन्मभर मोजणी केलेला माणूस, डागसुद्धा तारखेशिवाय टाकून देववेना.

मग माझी वार्षिक तपासणी आली आणि मी नापास झाले. तपासणाऱ्यानं कागदावर लिहिलं, ऑइल गळतं, धूर जास्त. महिन्याच्या आत दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायला बंदी. शहरातल्या एका गॅरेजमध्ये सिक्स्टन मला घेऊन गेला. तिथल्या माणसानं बॉनेटही नीट उघडलं नाही. मागचा धूर बघितला आणि म्हणाला, "टर्बो गेलाय. नवा घालण्यात अर्थ नाही, गाडीच तेवढ्याची नाही. मोडीत दे हिला."

सिक्स्टननं बरं म्हटलं आणि मला घरी आणलं. दुपारभर तो माझ्यात नुसता बसून होता. हात स्टीअरिंगवर होते आणि मी बंद होते. त्याचं पेन्शन किती ते मला माहीत नाही, पण दुसरी गाडी घेण्याचा विचारही त्यानं केला नाही एवढं खरं. आमच्या गावात माणूस शेजाऱ्याकडे फावडं मागेल, पण मला रोज तिकडे सोड असं म्हणणार नाही. जीव गेला तरी नाही.

शेवटी तो गुद्रूनकडे गेला, तेही मदत मागायला नाही, मोडीत काढायची असेल तर कुणाला फोन करायचा ते विचारायला. गुद्रून आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते. जंगलातून ओंडके ओढणारी यंत्रं तिनं तीस वर्षं दुरुस्त केली आहेत. पाय दुखतो म्हणून तिला निवृत्त केलं, पण हात काही निवृत्त झाले नाहीत.

"मोडीत?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"शहरात. टर्बो गेलाय म्हणे."

"त्यानं टर्बो बघितला?"

"धूर बघितला."

"मग धूर गेलाय म्हणायचं होतं. चल, दाखव."

ती आली आणि आधी सिक्स्टनवर प्रश्नांची सरबत्ती केली. धूर कसा आहे, पांढरा, काळा की निळा? पांढरा असून हवेत रेंगाळला आणि गोडसर वास आला तर पाणी जळतंय. काळा असला तर पेट्रोल जास्त होतंय नाहीतर हवेची नळी फाटलीय. निळा असला तर ऑइल. मग तिनं विचारलं, कधी येतो? सकाळी पहिल्यांदा चालू करताना, चढणीवर, की थांबून निघताना? सिक्स्टन चाचरला. ती म्हणाली, "नवऱ्या पोरासारखा लाजू नकोस. धूर तू नाही सोडत, ही सोडते."

मग सिक्स्टन शेडमध्ये गेला आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"ही काय रद्दी आणलीस?"

"डाग आहेत. तारीखवार."

मग दोघांनी ते पुठ्ठे अंगणात क्रमानं मांडले, चार महिन्यांचे. गुद्रून कमरेवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. डाग सगळीकडे एकाच जागी होता, इंजिनाच्या मागच्या बाजूला, टर्बोखाली. पण मध्येच सात पुठ्ठे जवळजवळ कोरे होते.

"या आठवड्यात कुठे गेला नव्हतास का?"

"रोज गेलो. चढणीवर डांबर घालत होते तेव्हा. समुद्राकाठच्या रस्त्यानं जात होतो. लांब पडतं, पण चढ हळूहळू आहे."

"टर्बो मेलेला असता तर त्याला रस्ता कळला नसता," गुद्रून म्हणाली.

तिनं माझं इंजिन आधी धुऊन स्वच्छ पुसलं, कारण मळक्या इंजिनावर ऑइल कुठून आलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग गळती उठून दिसावी म्हणून सांध्यांवर पांढरी पावडर फुंकली. मला चालू करून ऑइलचं झाकण उघडलं आणि भोकावर कागदाचा कपटा ठेवला. तब्येत ठीक असेल तर कागद आत ओढला जातो. माझा कागद फडफडला आणि उडून तिच्या कपाळावर बसला. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जायची नळीच तुंबली होती. बाहेर जायला वाट नाही, म्हणून आतला दाब सांधे बंद ठेवणाऱ्या सगळ्या सिलांना ढकलत होता. मला थंड करून तिनं टर्बोची पुढची नळी काढली आणि बोट घालून दांडा हलवून पाहिला. आडवा किंचित हलला, मागेपुढे मुळीच नाही.

"धडधाकट आहे," ती म्हणाली. "बिचाऱ्यावर उगाच आळ. ऑइल येतंय, पण परत जायला वाट मिळत नाहीये. मग ते सिलातून निसटणार, निम्मं धुरात, निम्मं तुझ्या पुठ्ठ्यावर. आता प्रश्न एवढाच की वाट कुणी बुजवली. उद्या मी तुझ्याबरोबर येते. रोज चालवतोस तशी चालव. माझ्यासाठी सभ्यपणा नको."

दुसऱ्या दिवशी ती शेजारी बसली. सिक्स्टननं रोजच्यासारखं मला चढणीवरून पळवलं, जागेवर लावलं आणि खटकन बंद केलं. गुद्रून खाली उतरली. ती पाटीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं ती मोठ्यानं वाचली.

"एका मिनिटाहून जास्त नको, असं लिहिलंय."

"मी एक सेकंदही ठेवत नाही," सिक्स्टन म्हणाला. त्याला वाटलं ती शाबासकी देतेय.

"तेच तर. एक मिनिट तुझ्या हक्काचं होतं, ते तू दीड वर्ष कुणाला वाटलंस? तापलेल्या टर्बोला थोडं नुसतं चालू ठेवावं लागतं. ऑइल फिरतं, तो निवतो, मग बंद करायचं. तू रोज त्याच्या तोंडचा घोट काढून घेतोयस." मग तिनं विचारलं, "यॉर्डिस काय करायची?"

"ती? ती इंजिन चालूच ठेवून आत बसून राहायची. हातमोजे घालायचे, पिशवी शोधायची, रुमाल बांधायचा. मी दारात थंडीत उभा राहून ओरडायचो, ये की आता. तिचा वेळकाढूपणा."

गुद्रूननं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, "जा आत. साडेअकरा होतील."

दुरुस्तीला तीन दिवस लागले. गुद्रूननं परतीची नळी काढली, तेव्हा तिच्या आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळी दगडासारखी काळी खरपुडी. चेंबर उतरवून आतली गाळणी साफ केली, तुंबलेली हवेची नळी बदलली, सगळी सिलं नवी घातली. त्या तीन दिवसांत एकदाच तिनं सिक्स्टनला आपल्या गाडीतून वर नेलं. उरलेले दोन दिवस तो बिचारा संकोचानं काही बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी शुश्रूषागृहातून होदानचा फोन आला. ती तिथे यॉर्डिसची काळजी घेते. फोन गुद्रूनच्या शेडमध्ये स्पीकरवर होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सिक्स्टन, रागवू नकोस, पण ती कालपासून पाण्याशिवाय काही घेत नाहीये. मी गाणं म्हटलं, गोष्टी सांगितल्या. दाराकडेच बघत बसते. तू उद्या येशील ना?"

"येईन," सिक्स्टन म्हणाला. गुद्रूननं पाना खाली ठेवला, त्याला एक शिवी दिली, कालच का बोलला नाहीस म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत मला जोडून टाकलं.

सकाळी मी निघाले. मागे धूर नव्हता. चढणीला सिक्स्टननं मला हळू घेतलं. वर पोचल्यावर त्यानं गिअर काढला, हँडब्रेक ओढला, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि किल्लीला हात न लावता बसून राहिला. त्याला ते किती जड जात होतं ते मला स्टीअरिंगवरच्या त्याच्या बोटांवरून कळत होतं. दहा सेकंद झाले, वीस झाले. सज्जातले म्हातारे बघायला लागले.

आणि दार उघडून यॉर्डिस बाहेर आली. पायात घरातल्या सपाता, मागून तिचा कोट घेऊन धावणारी होदान. रोज तिला माझा आवाज ऐकू जायचा, हे होदाननं नंतर सांगितलं. आवाज आला की ती खुर्चीतून उठायची, पण दारापर्यंत यायच्या आत आवाज बंद व्हायचा, आणि आपण कशाला उठलो तेच ती विसरायची. दीड वर्ष ती रोज अर्ध्या वाटेवरून परत फिरत होती. त्या दिवशी आवाज थांबला नाही.

तिनं शेजारचं दार उघडलं आणि आत बसली. पाहुण्यासमोर सावरून बसावं तसा सिक्स्टन ताठ झाला. चाळीस सेकंद झाले होते. तो घाबरला, पाटी समोर होती, बायको शेजारी होती, आणि सवयीनं त्याचा हात किल्लीकडे गेला.

तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"लगेच नको बंद करूस," ती म्हणाली. "दमलीय ती. थोडं बसू."

सिक्स्टन रडायला लागला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. तिनं ते पाहिलं, पण का रडतोय ते विचारलं नाही. कुणी रडत असलं तर शेजारी बसायचं, हे तिनं जन्मभर केलंच होतं. मिनिट संपलं, त्यानं मला बंद केलं, आणि दोघं तशीच बसून राहिली. होदान कोट हातात धरून बाहेर उभी होती. त्या दिवशी जेवण पाऊण तास उशिरा झालं आणि यॉर्डिसनं दोन वेळा बटाटा मागून घेतला.

त्याच आठवड्यात मी तपासणीत पास झाले. यॉर्डिस मात्र पुन्हा तसं काही बोलली नाही. कधी बाहेर यायची, कधी नाही. पुढच्या वर्षी बर्फ वितळायच्या आधी ती गेली. आम्ही त्या दिवशीही चढण चढलो होतो.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला कुणी गोंजारावं अशी माझी अपेक्षा नाही, आणि अजून किती वर्षं चालेन तेही मला माहीत नाही. पण एक मागणं मागते. तुमच्यासाठी धापा टाकत कुणी वर चढून आलं असेल, मग ती गाडी असो, घोडा असो की तुमची आई, तर पोचल्याबरोबर त्याला बंद करून निघून जाऊ नका. त्याच्यापाशी थोडं बसा. त्यानं फार काही बिघडत नाही. पाटीवरसुद्धा तेवढ्याची परवानगी असते. सिक्स्टन अजून बसतो. आता वर जायचं कारण उरलेलं नाही, मला तो दुकानापर्यंतच नेतो, सपाट रस्ता, टर्बो तापतसुद्धा नाही. तरी घरी आल्यावर तो किल्ली फिरवायच्या आधी थांबतो, शेजारच्या सीटकडे बघतो, आणि मिनिटभर मला चालू ठेवतो.